निळा उजेड आणि ९९.९ टक्के : घरातल्या एसीमधल्या अतिनील दिव्याची चिकित्सा

(ध्वनिमुद्रणावरून केलेलं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला एसीतल्या दिव्याशी काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. मी इंजिनिअर नाही आणि माझं एसीचं दुकानही नाही. पण चाळीसेक वर्षं वर्गात उभा राहून मी मुलांना मुख्यतः एकच गोष्ट शिकवत आलो. एखादं विधान समोर आलं की ते नेमकं कशाबद्दल आहे, कोणत्या अटीवर खरं आहे, आणि त्यावरून जो निष्कर्ष काढला जातोय तो खरंच त्यातून निघतो का, हे बघायचं. असं एक विधान गेल्या काही वर्षांत लोकांच्या घरात शिरलंय. खोक्यावर छापलेलं असतं, विक्रेता तोंडपाठ म्हणतो: ‘हा दिवा ९९.९ टक्के जंतू नष्ट करतो.’ आज या एका वाक्याची चिकित्सा करायची आहे. पुस्तकाची समीक्षा करतो तशी.

आधी वस्तू काय आहे ते बघू. ही वस्तू मुळात अमेरिकेतल्या घरांची. तिथे बहुतेक घरांत एकच मध्यवर्ती यंत्रणा असते. तळघरात किंवा माळ्यावर एक मोठी पेटी, तिच्यात पंखा आणि थंड होणारी कॉइल. घरभर फिरलेली हवा एका मोठ्या जाळीतून परत या पेटीत येते, फिल्टरमधून जाते, कॉइलवर गार होते आणि पत्र्याच्या डक्टमधून पुन्हा खोल्याखोल्यांत जाते. या पेटीत कॉइलच्या जवळ, किंवा पुढे डक्टमध्ये, नळीसारखा एक दिवा बसवतात. हाच तो अतिनील दिवा. जुन्या मराठी पुस्तकांत याला ‘जंबुपार’ म्हणायचे. दोन्ही शब्द किती अचूक आहेत बघा. जांभळ्याच्या पार, निळ्याच्या पलीकडचं. म्हणजे जो किरण काम करतो तो डोळ्याला दिसतच नाही. दिसतो तो निळसर उजेड, आणि तो निरुपयोगी असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मी या दिव्याला खोटा म्हणायला उभा आहे, असं कुणाला वाटलं असेल तर तसं नाही. या दिव्याचं कुळ उत्तम आहे. सूर्यप्रकाशानं जिवाणूंची वाढ थांबते, हे डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रजांनी १८७७ मध्ये दाखवलं. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी प्रकाशाचा झोत वापरून त्वचेच्या क्षयावर उपचार केले, त्यासाठी त्यांना १९०३ चं नोबेल मिळालं. पुढे विल्यम वेल्स या अमेरिकन संशोधकानं १९३० च्या दशकात सांगितलं की खोकल्यातले अगदी बारीक थेंब सुकून हवेत तरंगत राहतात आणि त्यातून रोग पसरतो. त्यानं फिलाडेल्फियाच्या शाळांमध्ये वर्गाच्या वरच्या भागात अतिनील दिवे लावले. १९४१ मध्ये गोवराची मोठी साथ आली, तेव्हा दिवे असलेल्या शाळांतल्या मुलांना गोवर लक्षणीय कमी झाला.

त्यानंतरचा प्रयोग तर मला फार आवडतो. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात क्षयरुग्णांचा सहा खाटांचा वॉर्ड घेतला. वॉर्डातली हवा डक्टनं वर नेली आणि गिनीपिगांच्या दोन खोल्यांत सोडली. एका खोलीत हवा तशीच गेली. दुसरीत जाणाऱ्या हवेवर डक्टमध्येच अतिनील प्रकाश टाकला. पहिल्या खोलीतल्या गिनीपिगांना क्षय झाला. दुसरीतल्यांना झाला नाही.

म्हणजे डक्टमधला दिवा काम करतो. सिद्ध झालंय. मग तक्रार कशाबद्दल? तक्रार ‘म्हणून’ या शब्दाबद्दल आहे. दिवा जंतू मारतो, म्हणून तुमच्या घरातली हवा शुद्ध होते, म्हणून तुमच्या घरातलं माणूस आजारी पडणार नाही. या दोन ‘म्हणून’मध्ये काय लपलंय ते बघायचं आहे.

इथे मला आपल्या नैयायिकांची मदत घ्यावीशी वाटते. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात वायूचं लक्षण असं केलंय की त्याला स्पर्श आहे, पण रूप नाही. हवा लागते, दिसत नाही. पाणी गढूळ आहे हे बाईला हंडा उचलताच कळतं. हवेचं तसं नाही. हवा स्वच्छ आहे की नाही हे आपल्याला जवळजवळ नेहमी अनुमानानं ठरवावं लागतं. आणि जिथे अनुमानावरच भिस्त असते तिथे फसवणुकीला आणि आत्मवंचनेला सर्वांत जास्त वाव असतो.

अनुमानाचं प्रसिद्ध उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे ठीक. पण उलट केलं तर? अग्नी आहे म्हणून धूर असणारच? नैयायिक म्हणतात, नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर केव्हा होतो? इंधन ओलं असेल तेव्हा. ही जी न सांगितलेली अट आहे, ओल्या लाकडाची, तिला ते ‘उपाधी’ म्हणतात. ही विद्यापीठानं नावापुढे चिकटवलेली उपाधी नव्हे. (हशा) विधानात गुपचूप बसलेली अट, म्हणजे उपाधी. ती असली तर निष्कर्ष खरा, नसली तर खोटा. आणि बोलणारा ती सांगत नाही.

‘अतिनील दिवा जंतू मारतो’ या विधानातली उपाधी कोणती? मात्रा. डोस. आणि मात्रा म्हणजे प्रकाशाची तीव्रता गुणिले वेळ. औषधाच्या गोळीसारखंच आहे हे. गोळी जिभेला लावून थुंकली तर ताप उतरत नाही. हा किरण जंतूच्या डीएनएवर पडतो, तिथले शेजारशेजारचे घटक एकमेकांना चिकटतात, आणि मग त्या जंतूला आपली प्रत काढता येत नाही. त्याचा वंश थांबतो. पण त्यासाठी पुरेसे किरण पुरेसा वेळ पडावे लागतात. शिवाय प्रत्येक जंतूला लागणारी मात्रा वेगळी. आतड्यातला साधा ई. कोलाय थोडक्यात निकामी होतो. काळ्या बुरशीच्या बीजाणूंना त्याच्या कित्येक पटींनी जास्त मात्रा लागते. ‘जंतू’ हा एकवचनी शब्द खोक्यावर सोयीचा असला तरी निसर्गात असा एक जंतू कुठे नसतो.

आता शाळकरी गणित करू. घरगुती यंत्रणेत कॉइलजवळ हवेचा वेग साधारण सेकंदाला अडीच मीटर. दिव्याचा खरा जोर असतो तो भाग आपण अर्धा मीटर धरू. म्हणजे हवेतल्या जंतूला दिव्यासमोर किती वेळ मिळाला? ०.२ सेकंद. पापणी लवते तेवढासुद्धा नाही. डक्टमध्ये वेग याहून जास्त, म्हणून वेळ आणखी कमी. आता त्याच दिव्यासमोरच्या कॉइलकडे बघा. ती जागची हलत नाही. दिवा दिवसरात्र चालू असेल तर तिच्यावरच्या बुरशीला दिवसाचे ८६,४०० सेकंद मिळतात. भागाकार करा: ४ लाख ३२ हजार पट.

दिवा तोच, किरण तोच. पण उडत्या जंतूसाठी आणि बसलेल्या जंतूसाठी त्या दिव्याचा अर्थ पूर्ण वेगळा होतो. कॉइल ही ओली, अंधारी, धूळ चिकटलेली जागा. तिथे आणि तिच्याखालच्या पाण्याच्या ट्रेमध्ये शेवाळी थर धरतो, वास येतो. हे रोखायला मंद दिवासुद्धा पुरतो, कारण त्याच्याकडे वेळच वेळ आहे. या कामाचा पुरावाही चांगला आहे. मॉन्ट्रियलमधल्या डिक मेन्झीस आणि सहकाऱ्यांनी तीन ऑफिस इमारतींत ७७१ कर्मचाऱ्यांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दिवे कॉइलवर आणि ट्रेवर रोखलेले होते. चार आठवडे चालू, बारा आठवडे बंद, असं आलटून पालटून तीन वेळा केलं, आणि केव्हा चालू आहेत हे कर्मचाऱ्यांना सांगितलं नव्हतं. त्या पृष्ठभागांवरचे जंतू ९९ टक्के कमी झाले, आणि दिवे चालू असताना नाक-घसा चुरचुरणं, श्वासाच्या तक्रारी हेही कमी झालं.

या दिव्याच्या बाजूचा हा फार महत्त्वाचा पुरावा आहे, म्हणून मी तो मुद्दाम पूर्ण सांगितला. पण तो काय सिद्ध करतो ते नीट वाचा. दिव्यानं यंत्र स्वच्छ ठेवलं, आणि घाणेरड्या यंत्रामुळे होणारा त्रास कमी झाला. इथला ९९ हा आकडा कॉइलचा आहे. समोरच्या माणसाच्या शिंकेतल्या विषाणूचा नाही. जाहिरात करते काय, तर कॉइलचा आकडा किंवा प्रयोगशाळेतल्या बंद पेटीचा आकडा उचलते आणि दिवाणखान्यातल्या हवेला चिकटवते. आकडा खरा असतो, पत्ता चुकीचा असतो.

आता दुसरा ‘म्हणून’. समजा दिवा इतका जोरदार बसवला की डक्टमधून जाणारी हवा पूर्ण जंतुमुक्त झाली. तरी घरातलं माणूस सुरक्षित होतं का? इथे पुन्हा बाल्टिमोरचे गिनीपिग आठवा. त्यांना डक्टमधून आलेल्या हवेशिवाय दुसरी हवाच नव्हती. हा त्या प्रयोगाचा प्राण आहे. तुमच्या घरात काय होतं? आजोबांना खोकला झालाय, नात त्यांच्या शेजारी जेवायला बसली आहे. आजोबांचा श्वास आधी जाळीतून पेटीत जाऊन, दिव्याचं दर्शन घेऊन, मग नातीकडे येतो का? तो दोन हातांवरून सरळ तिच्याकडे जातो. शिवाय पंखा बहुतेक घरांत सारखा फिरत नाही. तापमान जमलं की थांबतो. पंखा थांबला की दिवा रिकाम्या डक्टमध्ये एकटाच जळत बसतो.

वेल्सच्या कामातही हेच झालं होतं. त्याच्या यशानंतर १९४० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रामीण शाळांत तसेच दिवे लावून बघितले, पण गोवराच्या बाबतीत तसा फायदा मिळाला नाही. याचं जे कारण दिलं गेलं ते फार बोलकं आहे: ती मुलं रोज शाळेच्या बसमधून एकत्र यायची-जायची. बसमध्ये दिवे नव्हते. दिवा वर्गातली हवा साफ करत होता आणि मुलं एकमेकांची हवा दुसरीकडे घेत होती. दिव्यात दोष नव्हता. ‘मुलं फक्त वर्गातच श्वास घेतात’ ही उपाधी खोटी होती.

आता हे सगळं मी का उगाळतोय? गेल्या व्याख्यानानंतर न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलं. तिथे घर घेतलंय, मुलगा सात वर्षांचा, त्याला दमा आहे. घरी आलेल्या तंत्रज्ञानं सांगितलं की डक्टमध्ये दिवा बसवला की मुलाचा त्रास कमी होईल. काहीशे डॉलरचा मामला. त्या लिहितात, ‘सर, पैशाचं काही नाही. पण आई म्हणून नाही म्हणायची हिंमत होत नाही.’ या वाक्याशी मी बराच वेळ थांबलो. कारण विक्रीचं खरं इंजिन तिथे आहे. न दिसणाऱ्या धोक्यावर न दिसणारा उपाय विकला जातो, आणि नाही म्हणणाऱ्याला आपण मुलाच्या बाबतीत हलगर्जी केली असं वाटायला लागतं.

त्यांना मी जे कळवलं ते सर्वांच्या उपयोगाचं आहे. दम्याला चिथावणी कशानं मिळते? धुळीतले किडे आणि त्यांची विष्ठा, झुरळांचे अंश, परागकण, पाळीव प्राण्यांचा कोंडा, बुरशी, धूर. यातलं बहुतेक काही जिवंत नाहीच, मग मारायचं कशाला? आणि बुरशीचे बीजाणू मेले तरी त्यांची ॲलर्जी मरत नाही. जंतूचं प्रेतही नाकात जातंच. दिवा हवेतून काहीही काढून टाकत नाही. काढून टाकतो तो फिल्टर. आणि फिल्टरच्या दाव्याची भाषा बघा. अमेरिकेत फिल्टरला ‘मर्व’ नावाचा अंक देतात. मर्व १३ म्हणजे ०.३ ते १ मायक्रॉन आकाराच्या कणांपैकी निदान निम्मे पकडले गेले पाहिजेत. निम्मे! ९९.९ पुढे किती गरीब आकडा. पण तो कोणत्या आकाराच्या कणांबद्दल आहे हे सांगतो, ठरलेल्या चाचणीतून येतो. अटीसकट सांगितलेलं ‘निम्मे’ हे अटीशिवाय सांगितलेल्या ९९.९ पेक्षा जास्त सत्य असतं. म्हणून मी त्यांना सुचवलं, की आधी तुमच्या यंत्राचा पंखा कोणता फिल्टर पेलू शकतो ते विचारा. जाड फिल्टरनं हवा अडली तर यंत्राला त्रास होतो. आणि औषधाचं काय ते मुलाच्या डॉक्टरांना विचारा, तंत्रज्ञाला नाही.

त्यांच्या बाबतीत आणखी एक धोका होता. काही दिव्यांची काच १८५ नॅनोमीटरचे किरण बाहेर सोडते. जंतुनाशक किरण २५४ नॅनोमीटरचा. हा १८५ वाला हवेतल्या ऑक्सिजनपासून ओझोन तयार करतो. काही विक्रेते हे गुण म्हणून सांगतात, वास ‘ताजा’ येतो म्हणतात. ओझोन फुप्फुसाला झोंबतो, दम्याच्या रुग्णाला विशेष. कॅलिफोर्निया राज्यानं घरातल्या हवाशुद्धी यंत्रांतून येणाऱ्या ओझोनवर ०.०५० पीपीएमची मर्यादा घातली आहे ती उगीच नाही. म्हणजे दम्यासाठी आणलेला दिवा दमाच वाढवू शकतो.

आता खोक्याचं वाचन करू. पहिली ओळ, ९९.९. लहान अक्षरांत पुष्कळदा लिहिलेलं असतं की हे बंद कक्षात, अमुक एका जिवाणूवर, अमुक मिनिटांनंतर. ही लहान अक्षरं म्हणजेच उपाधी. आणि ९९.९ हा आकडाही ऐकायला वाटतो तेवढा अंतिम नाही. १० लाखांतले ९९.९ टक्के गेले तरी हजार उरतात.

दुसरी ओळ, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा, ईपीएचा, क्रमांक. भल्याभल्यांचा इथे गैरसमज होतो. रासायनिक जंतुनाशकाची तिथे नोंदणी करावी लागते, परिणामाचा पुरावा द्यावा लागतो. दिव्यासारख्या उपकरणाला ही नोंदणी लागत नाही. खोक्यावरचा क्रमांक असतो तो कारखान्याचा. वस्तू कुठे तयार झाली एवढंच तो सांगतो. ती काम करते की नाही याबद्दल तो क्रमांक एक अक्षर बोलत नाही. उलट हीच संस्था आपल्या मार्गदर्शनात म्हणते की घरगुती अतिनील यंत्रांचा परिणाम मर्यादित असतो, आणि काही विषाणू, बहुतेक बुरशी व जिवाणूंचे बीजाणू निकामी करायला त्याहून बरीच जास्त मात्रा लागते. जिचं नाव प्रमाणपत्रासारखं दाखवतात, ती संस्था स्वतः सावध करते. याला आपल्याकडे शब्दप्रमाणाचा दुरुपयोग म्हणतात. आप्त माणूस जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालायचं.

तिसरी गोष्ट खोक्यावर नसते, पेटीवर असते. एक छोटी काचेची खिडकी, आणि तिच्यातून दिसणारा निळा उजेड. साध्या काचेतून जंतुनाशक किरण बाहेर येत नाहीत, त्यामुळे बघायला हरकत नाही. पण घरमालक ते निळं बघतो आणि म्हणतो, चालू आहे. हे दिवे साधारण ९,००० तासांसाठी सांगितलेले असतात. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे वर्षभरात दिवा बदलायला आला. त्याची अतिनील ताकद उतरते, निळा उजेड मात्र तसाच राहतो. काचेवर धूळ बसली तरी ताकद घटते. म्हणून म्हटलं, नावातच सांगितलंय की खरं काम निळ्याच्या पलीकडे आहे, आणि आपण निळ्यावरच विश्वास ठेवतो. चिन्ह उरतं, अर्थ निघून जातो.

आणि अनुभवाचं काय? ‘दिवा बसवल्यापासून वर्षभर सर्दी नाही.’ असं सांगणारे भेटतात, प्रामाणिक असतात. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडू शकते. त्या वर्षी साथच हलकी होती का? मुलगा एका वर्षानं मोठा झाला त्याचं काय? तंत्रज्ञानं त्याच दिवशी कॉइल धुतली आणि फिल्टर बदलला, त्याचं श्रेय कुणाला? मॉन्ट्रियलच्या लोकांनी दिवे आलटून पालटून बंद केले आणि लोकांना सांगितलं नाही, ते यासाठीच. घरात आपण असं करत नाही, त्यामुळे आपला अनुभव कितीही प्रामाणिक असला तरी साक्षीला पुरत नाही.

आता आपल्याकडे येऊ. पुण्या-मुंबईत बहुतेक घरांत डक्ट नाही, भिंतीवरचा स्प्लिट एसी आहे. हा एसी बाहेरची हवा सहसा आत घेतच नाही. खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं. काही एसींत आता छोटे अतिनील एलईडी येतात. काही जण बाहेरून दिवा घेऊन मेकॅनिककडून आत बसवून घेतात. या दुसऱ्या गोष्टीपासून मात्र कृपा करून लांब राहा. स्प्लिटचा पंखा, ट्रे, आवरण सगळं प्लास्टिकचं. अतिनील किरणांनी प्लास्टिक आणि वायरचं वेष्टण ठिसूळ होतं. आणि झाकण उघडताना दिवा चालू राहिला, तर डोळ्यांत काही तासांनी वाळू गेल्यासारखं होतं, त्वचा भाजते. कारखान्यात किंवा इमारतीच्या यंत्रणेत दार उघडताच दिवा बंद होईल अशी कळ बसवतात. गल्लीतल्या जोडणीत ती कळ कोण बसवणार?

मग आपल्याकडे हे तंत्र नकोच का? तसं नाही. २०२२ मध्ये आपल्या संसद भवनात चंदीगडच्या सीएसआयओ या सरकारी संस्थेनं विकसित केलेली डक्टमधली अतिनील यंत्रणा बसवली गेली. तिथे डक्ट आहे, हवेचा वेग माहीत आहे, मोजून दिवे लावता येतात, देखभालीला माणसं आहेत. क्षयाच्या वॉर्डात खोलीच्या वरच्या भागात लावलेले दिवे तर लिमापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत अभ्यासांत उपयोगी ठरले आहेत. मोजमाप जितकं पक्कं, तितका हा दिवा खरा. घरात मोजमाप शून्य असतं आणि दावा मात्र इस्पितळाचा असतो.

कुणी म्हणेल, सर, जाऊ द्या ना. थोडे पैसे गेले, मनाला समाधान मिळालं, नुकसान काय? नुकसान असं, की समाधान मिळालं की माणूस शोध थांबवतो. दिवा लागलाय म्हणून फिल्टर दोन महिने राहून जातो. दिवा लागलाय म्हणून खिडकी उघडत नाहीत. दिवा लागलाय म्हणून सर्दी झालेला पाहुणा आजीच्या खोलीत बसतो. खोट्या ज्ञानाचा तोटा अज्ञानापेक्षा मोठा असतो, कारण अज्ञानी माणूस निदान विचारत तरी राहतो.

म्हणून माझा निवाडा साधा आहे. घरातला अतिनील दिवा हा यंत्राचा झाडूवाला आहे. कॉइलवर सारखी बुरशी धरत असेल, हवामान दमट असेल, तर ओझोन न करणारा, प्लास्टिकपासून दूर बसवलेला, वर्षाला बदलला जाणारा दिवा कॉइलसाठी घ्यायला हरकत नाही. झाडूवाल्याला वैद्य म्हणून घरात घेऊ नका, एवढंच. त्यात वैद्याचंही भलं नाही आणि झाडूवाल्याचंही.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : विक्रेत्याला नेमकं काय विचारावं? तो तांत्रिक बोलायला लागला की आपण गप्प बसतो.

चार प्रश्न विचारा. दिवा कशासाठी आहे, कॉइलसाठी की हवेसाठी? हवेसाठी म्हणत असेल तर माझ्या यंत्रातल्या हवेच्या वेगाला एका फेरीत किती टक्के, आणि कोणत्या जंतूचे? ओझोन होतो का, त्याचं प्रमाणपत्र आहे का? आणि दिवा उतरला हे मला उजेडाशिवाय कशावरून कळेल? दुसऱ्या प्रश्नाला ‘९९.९’ एवढंच उत्तर आलं, तर त्याला तुमचा प्रश्न कळलेला नाही, किंवा चांगलाच कळलाय.

प्रश्न : आमच्या घरी सासूबाईंचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय. जंतुसंसर्गाची सारखी भीती असते. त्यांच्यासाठी तरी दिवा बसवावा ना?

तुमची भीती खरी आहे, तिला मी तर्कानं उडवून लावणार नाही. पण अशा घरात तर उपायांचा क्रम जास्त काटेकोर हवा. लस कोणती, केव्हा, हे त्यांच्या डॉक्टरांकडून. आजारी माणूस त्यांच्या खोलीत येणार नाही हा नियम, मग तो जावई असो की नातू. यायलाच लागलं तर मास्क. बाहेरची हवा बरी असेल तेव्हा खिडकी उघडी, कारण बंद खोलीत दोन माणसं रात्रभर झोपली तर कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या साधारण ४२० पीपीएमवरून सहज हजाराच्या वर जातो. याचा अर्थ एकमेकांनी सोडलेली हवाच आपण पुन्हा घेत असतो. बाहेर धूर-धूळ असेल तर खोलीच्या मापाचा, चांगल्या फिल्टरचा हवाशुद्धक त्यांच्या खाटेजवळ. एसीचं सर्व्हिसिंग वेळेवर. हे सगळं झाल्यावर पैसे उरले आणि डक्टची यंत्रणा असेल, तर दिव्याचा विचार करा. यातली पहिली पाच कामं कंटाळवाणी आहेत, रोज करावी लागतात आणि त्यात निळा उजेड दिसत नाही. पण सासूबाई ज्या हवेत श्वास घेतात ती हवा त्या कामांनी बदलते.